सी++ चा ऑब्जेक्ट पायथनच्या हाती देताना: रॅपर लिहायचा कसा

रॅपर, म्हणजे सी++ चा कोड पायथनमधून वापरता यावा म्हणून मध्ये घातलेला थर, लिहायला घेतला की बहुतेकांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: पायथनमधून सी++ चं फंक्शन एकदाचं कॉल झालं पाहिजे. ते दुपारपर्यंत होतंही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. सी++ मध्ये तयार झालेला ऑब्जेक्ट पायथनच्या हातात आला, आता तो कोणाचा? तो मोडायचा कोणी, आणि केव्हा? मी आजवर जेवढे बिघडलेले रॅपर दुरुस्त केले, त्यांतले बहुतेक याच प्रश्नाचं उत्तर कोणी लिहून न ठेवल्यामुळे बिघडलेले होते. म्हणून हा लेख पायरीपायरीनं जातो, पण प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारतो.

उदाहरण एकच घेऊ. आपल्याकडे सी++ मध्ये लिहिलेला 'कोश' नावाचा क्लास आहे. त्याच्या आत एक मॅप आहे: शब्द ही किल्ली आणि 'नोंद' हा तिचा ऑब्जेक्ट, ज्यात अर्थ आणि तो शब्द किती वेळा विचारला गेला त्याचा आकडा. क्लासला तीन मेथड आहेत: 'भर', 'आहे_का' आणि 'शोध'. हा क्लास पायथनमधून वापरायचा आहे. कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

पायरी १: थेट कॉल का होत नाही, ते डोळ्यांनी पाहा

ही पायरी टाळू नका, पाच मिनिटांचंच काम आहे. क्लास कंपाइल करून लायब्ररी बनवा आणि लिनक्सवर 'एनएम' ही लायब्ररीतली नावं दाखवणारी कमांड तिच्यावर चालवा. 'भर' हे नाव तुम्हाला जसंच्या तसं सापडणार नाही. जीसीसी या कंपायलरनं त्याचं असं काहीतरी केलेलं असतं: अंडरस्कोर, झेड, एन, ४, कोश, ४, भर, ई, पी, के, सी. पहिला ४ म्हणजे रोमन लिपीतल्या 'कोश'ची चार अक्षरं, दुसरा ४ म्हणजे 'भर'ची चार. शेवटचे पी, के, सी म्हणजे 'कॅरेक्टरकडे जाणारा पॉइंटर, कॅरेक्टर कॉन्स्टंट'. एकाच नावाची दोन फंक्शन वेगवेगळे आर्ग्युमेंट घेऊ शकतात, म्हणून सी++ कंपायलर आर्ग्युमेंटचे प्रकार नावातच गुंफतो. यालाच नेम मँगलिंग म्हणतात. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर हीच गुंफण पूर्णपणे वेगळ्या पद्धतीनं करतो.

नाव ओळखीचं नाही, ऑब्जेक्टची मेमरीतली मांडणी कंपायलरवर अवलंबून, आणि एक्सेप्शन फेकण्याची पद्धतही कंपायलरची. म्हणून सी++ शी थेट बोलणं इतर भाषांना जमत नाही. सी भाषेचं मात्र सगळ्यांना जमतं, कारण सी मध्ये नाव म्हणजे नाव आणि फंक्शन म्हणजे फंक्शन. मधला दुभाषी म्हणून सी घेण्याचं कारण एवढंच.

पायरी २: सी चा दर्शनी भाग

एक वेगळी फाइल करा. तिच्यात 'एक्स्टर्न "सी"' या कंसात साधी फंक्शन लिहा: कोश_नवा, कोश_भर, कोश_आहे, कोश_अर्थ, कोश_मोड. 'कोश_नवा' आत 'न्यू' करून कोश बनवतं आणि त्याचा पॉइंटर परत देतं. बाकी सगळी फंक्शन तो पॉइंटर पहिलं आर्ग्युमेंट म्हणून घेतात. बाहेरच्या जगाला त्या पॉइंटरच्या आत काय आहे ते कळता कामा नये. हेडरमध्ये फक्त 'स्ट्रक्ट कोश' असं नाव जाहीर करायचं, आतलं काही नाही. अशा पॉइंटरला हँडल म्हणतात.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हँडल म्हणजे जमिनीचा नुसता पत्ता. पत्ता दहा जणांकडे असला तरी बिघडत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे मात्र ठरलेलं हवं. 'कोश_नवा'नं दिलेला हँडल 'कोश_मोड'कडे नेमका एकदा परत गेला पाहिजे. एकदाही गेला नाही तर मेमरी गळते आणि दोनदा गेला तर प्रोग्राम कोसळतो. हे वाक्य हेडरमध्ये प्रत्येक फंक्शनच्या वर कॉमेंट म्हणून लिहा: 'मालकी कॉल करणाऱ्याकडे जाते' किंवा 'मालकी जात नाही'. कंटाळवाणं वाटेल, पण सहा महिन्यांनी तुम्ही स्वतःच ते वाचायला येणार आहात.

दुसरा नियम तितकाच कडक: सी++ चं एक्सेप्शन या सीमेपलीकडे जाता कामा नये. पलीकडे ते पकडणारं कोणी नसतं आणि अख्खी प्रोसेस मरते. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या अंगाभोवती ट्राय-कॅच हवा. सगळं ठीक असेल तर ० (किंवा उत्तराचा आकडा), नाहीतर ऋण आकडा परत द्या. काय चुकलं त्याचा मजकूर थ्रेड-लोकल स्ट्रिंगमध्ये (प्रत्येक थ्रेडची वेगळी असते अशा) ठेवा आणि तो वाचायला 'कोश_शेवटची_चूक' असं वेगळं फंक्शन द्या. 'मेमरी संपणं कधी होतंय' म्हणून 'कोश_नवा'मधला कॅच गाळू नका, तिथे नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत द्या.

पायरी ३: लायब्ररी बांधणं

लिनक्सवर जी++ ला (जीसीसीच्या सी++ कंपायलरला) 'शेअर्ड' आणि 'एफपीआयसी' हे दोन पर्याय दिले की डॉट एसओ फाइल तयार होते. मॅकवर डायलिब, विंडोजवर डीएलएल. विंडोजवर बाहेर दिसायला हव्यात त्या फंक्शनवर 'डीएलएल-एक्सपोर्ट'ची खूण करावी लागते. लिनक्सवर उलट, सगळंच बाहेर दिसतं. म्हणून तिथे व्हिजिबिलिटी 'हिडन' ठेवून फक्त आपली पाच-सहा नावं उघडी करा. पुन्हा एनएम चालवा, आता 'कोश_भर' हे नाव स्वच्छ दिसेल.

पायरी ४: सीटाइप्स, आणि एक न लिहिलेली ओळ

सीटाइप्स हे मॉड्यूल २००६ मध्ये आलेल्या पायथन २.५ पासून पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवायचं नाही. 'सीडीएलएल'ला फाइलचा मार्ग दिला की लायब्ररी लोड होते आणि तिची फंक्शन ऑब्जेक्टच्या मेथडसारखी कॉल करता येतात.

इथे थांबून नीट वाचा. फंक्शन काय परत देतं हे तुम्ही सांगितलं नाही, तर सीटाइप्स 'इंट' धरून चालतं. इंट ३२ बिटचा, ६४ बिट मशीनवर पॉइंटर ६४ बिटचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, आणि उरलेला आकडा दिसायला अगदी साधा आकडा असतो. त्यावर पुढचा कॉल केला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लावल्यानं प्रोग्राम कोसळणं. पहिल्यांदा हे माझ्याबाबतीत झालं तेव्हा मी दीड दिवस सी++ च्या कोडमध्ये चूक शोधत होतो. तिथे चूक नव्हतीच. पायथनमध्ये एक ओळ लिहायची राहिली होती: कोश_नवा.रेसटाइप = सी_व्हॉइड_पी, म्हणजे 'परत येतो तो पॉइंटर आहे'.

तेवढ्यानंही भागत नाही. सी_व्हॉइड_पी परत देणाऱ्या फंक्शनकडून पायथनला साधा पूर्णांक मिळतो. तो दुसऱ्या फंक्शनला देताना त्या फंक्शनचे आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे प्रकार) सांगितले नसतील, तर जाताना पुन्हा इंट म्हणून कापला जातो. त्यामुळे नियम असा ठेवा: लायब्ररी लोड केल्याबरोबर, एकाच जागी, प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप दोन्ही लिहायचे. काही परत न देणाऱ्या फंक्शनचा रेसटाइपही 'नन' असा लिहायचा. अपवाद नाही.

पायरी ५: पायथनचा क्लास

वापरणाऱ्याला हँडल दिसता कामा नये. त्याला 'कोश' नावाचा पायथनचा क्लास मिळावा, ज्याच्यात 'इन' चालतं, 'लेन' चालतं आणि 'विथ' चालतं. इनिटमध्ये कोश_नवा कॉल करा, नल आला तर मेमरी-एरर उठवा.

आता मोडण्याचं काय? पहिला विचार डंडर-डेलचा येतो, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना पायथन स्वतः चालवतं त्या मेथडचा ('डंडर' म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). मी तो वापरत नाही. इनिट अर्ध्यावर फसलं तरी डेल चालतं, आणि तेव्हा हँडल नावाचं ॲट्रिब्यूट अस्तित्वातच नसतं. त्याऐवजी वीकरेफ मॉड्यूलमधलं 'फायनलाइझ' घ्या. पायथन ३.४ पासून ते आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: सेल्फ, कोश_मोड हे फंक्शन आणि हँडल. सेल्फ नाहीसा झाला की ते कोश_मोड चालवतं. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते एकदाच चालतं, दुसऱ्यांदा कॉल केलं तर काहीच करत नाही. त्यामुळे 'बंद' मेथडमध्येही तेच कॉल करा, दोनदा मोडण्याची भीती मुळातच संपते. एकच पथ्य: फायनलाइझला सेल्फची बाउंड मेथड (सेल्फला बांधलेली, जशी सेल्फ.बंद) देऊ नका. दिली तर फायनलायझरच सेल्फला धरून बसतो आणि ऑब्जेक्ट कधीच सुटत नाही.

'बंद' झाल्यावर हँडल नन करा आणि प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला ते तपासा. बंद कोशावर 'शोध' केला तर वापरणाऱ्याला व्हॅल्यू-एरर दिसला पाहिजे, कोसळलेला टर्मिनल नव्हे.

कॉपीचा विचार फार थोडे लोक करतात. पायथनच्या कॉपी मॉड्यूलनं तुमच्या ऑब्जेक्टची नक्कल केली तर हँडलचा आकडाही नकलेत जातो. मूळ ऑब्जेक्ट संपला की सी++ चा कोश मोडला जातो, आणि नक्कल मोडलेल्या घराचा पत्ता घेऊन उभी राहते. त्यामुळे डंडर-कॉपी, डंडर-डीपकॉपी आणि डंडर-रिड्यूस तिन्हींमध्ये टाइप-एरर उठवा. हँडल दुसऱ्या प्रोसेसला पाठवण्याचाही प्रश्न त्यातच मिटतो, कारण पत्ता त्या एका प्रोसेसपुरताच खरा असतो.

पायरी ६: स्ट्रिंग, म्हणजे मराठीचा खरा घाट

इंग्रजी शब्दांवर चाचणी केलेला रॅपर इथे उघडा पडतो. 'पुणे' हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. पायथनचं लेन ४ सांगतं: प, उकार, ण, एकार. सी चं स्ट्रलेन १२ सांगतं, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त ती एकमेकांत मिसळायची नाहीत. लायब्ररीला लांबी देताना नेहमी एन्कोड केलेल्या बाइट्सची द्या. दहा बाइटच्या बफरमध्ये 'पुणे' कोंबला तर तीन चिन्हं बसतात आणि चौथ्याचा एक तुटका बाइट मागे राहतो. परत येताना डीकोड करतानाच युनिकोड-डीकोड-एरर येतो.

त्याहून बारीक गोष्ट ऱ ची. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे वेगळे शब्द आहेत: पहिला दरीचं अनेकवचन, दुसरा समुद्र. 'दऱ्या'मधला ऱ एका चिन्हानं लिहिता येतो, किंवा र आणि त्यापुढे नुक्ता असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सी++ चा मॅप बाइट बघतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं हे दोन वेगळे शब्द. कोशात शब्द भरलेला असतो आणि तरी 'आहे_का' नाही म्हणतं. त्यावर उपाय म्हणजे युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ, एनएफसी पद्धतीनं. ते र आणि नुक्ता जोडून एकच ऱ करतं. तिसरी तऱ्हा मात्र एनएफसीला कळत नाही: र, हलन्त आणि झिरो-विड्थ-जॉइनर. ती आधी हातानं बदलून ऱ आणि हलन्त अशी करा, मग एनएफसी चालवा. अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकणारा 'सफाई'चा कोड असेल तर तो याच्या आधी चालू देऊ नका. जॉइनर गेला की दऱ्यांचा समुद्र होतो.

हे सगळं रॅपरमध्ये एकाच खासगी फंक्शनमध्ये ठेवा, जे पायथनची स्ट्रिंग घेतं आणि स्वच्छ बाइट्स देतं. प्रत्येक मेथड त्याच दारातून जाईल.

आता उलट दिशा, सी++ कडून येणारी स्ट्रिंग. इथे मालकीचा प्रश्न पुन्हा येतो. 'कोश_अर्थ'नं आत मॅलॉकनं नवी मेमरी घेऊन त्यात स्ट्रिंग परत दिली आणि तुम्ही रेसटाइप सी_चार_पी ठेवलात, तर सीटाइप्स लगेच तिचे पायथन बाइट्स करून देतं आणि मूळ पॉइंटर तुमच्या हातून निसटतो. आता ती मेमरी मोकळी करणार कशी? शिवाय जिनं मेमरी घेतली त्याच लायब्ररीनं ती सोडली पाहिजे. विंडोजवर डीएलएलचं सी रनटाइम वेगळं असेल तर एकानं घेतलेली मेमरी दुसऱ्यानं सोडली की कोसळतं.

मला आवडणारी पद्धत अशी: बफर पायथनचा. 'कोश_अर्थ' बफर आणि त्याची लांबी घेतं, आणि किती बाइट लागतात ते परत देतं. पहिला कॉल शून्य लांबीनं करायचा, आकडा मिळाला की तेवढा बफर क्रिएट_स्ट्रिंग_बफरनं बनवायचा आणि दुसरा कॉल करायचा. एक कॉल जास्त होतो, पण मेमरी आधीपासून पायथनची असल्यामुळे मालकीचा वाद उद्भवतच नाही.

पायरी ७: कॉलबॅक

कोशातल्या प्रत्येक शब्दासाठी पायथनचं फंक्शन चालवायचं असेल तर ते सीफंक्टाइपमध्ये गुंडाळून द्यावं लागतं. तो गुंडाळलेला ऑब्जेक्ट पायथनच्या बाजूला कुठेतरी धरून ठेवा, उदाहरणार्थ सेल्फवर. सी++ नं तो पुढे वापरण्यासाठी जपून ठेवला आणि पायथनमध्ये त्याचा कोणी वाली उरला नाही, तर पायथन तो काढून टाकतं आणि सी++ रिकाम्या पत्त्यावर उडी मारतं. कॉलबॅकच्या आत उठलेलं एक्सेप्शन सीटाइप्स फक्त छापतं, वर पाठवत नाही. ते स्वतः पकडून बाजूला ठेवा आणि कॉल परतल्यावर पुन्हा उठवा.

पायरी ८: पायबाइंड११, आणि तिथली मालकी

तुमच्याकडे सी++ चा सोर्स आहे आणि क्लास पाच-दहा मेथडपेक्षा मोठा आहे, तर सी चा दर्शनी भाग हातानं लिहिण्यात वेळ घालवू नका. वेन्झेल याकोब यांनी २०१५ मध्ये सुरू केलेलं पायबाइंड११ हे फक्त हेडर फाइलींचं साधन आहे. मॉड्यूलचा मॅक्रो, क्लासचं नाव, इनिट, आणि प्रत्येक मेथडला एक 'डेफ': आपला कोश दहा-बारा ओळींत बांधून होतो. मॅक्रोमधलं मॉड्यूलचं नाव आणि फाइलचं नाव एकच असलं पाहिजे, नाहीतर इम्पोर्टच होत नाही. स्ट्रिंगचं यूटीएफ-८ रूपांतर आपोआप होतं. पण ऱ ची सफाई आपोआप होत नाही, ते दार इथेही तुम्हालाच बांधायचं आहे. एक्सेप्शनही आपोआप बदलतात: आउट-ऑफ-रेंजचा इंडेक्स-एरर, इनव्हॅलिड-आर्ग्युमेंटचा व्हॅल्यू-एरर.

या सोयीमुळे लोक मालकी विसरतात, आणि पायबाइंड११ तिथे गप्प बसत नाही, स्वतः गृहीत धरतं. आपली 'शोध' मेथड मॅपच्या आत असलेल्या नोंदीकडे जाणारा साधा पॉइंटर परत देते. काही न सांगता 'डेफ' केलं तर पायबाइंड११ समजतं की पॉइंटर दिला म्हणजे मालकीही दिली. पायथनमधली नोंद संपली की ते तिच्यावर डिलीट चालवतं. ती नोंद तर मॅपच्या पोटात आहे! कधी लगेच कोसळतं, कधी तासाभरानं भलत्याच ठिकाणी.

त्यासाठी रिटर्न व्हॅल्यू पॉलिसी 'रेफरन्स_इंटर्नल' द्या. तिचा अर्थ दुहेरी आहे: नोंदीची मालकी कोशाकडेच राहील, आणि नोंद जिवंत आहे तोवर कोशही जिवंत ठेवला जाईल. दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण पायथनमध्ये लोक सहज 'कोश बनवा, एक नोंद काढा, कोश विसरा' असं लिहितात. तरीही कोशातून तो शब्दच काढून टाकला तर हातातली नोंद लटकते, त्यावर पॉलिसीचा इलाज नाही. काढण्याची सोय द्यायची असेल तर नोंदीची प्रत परत द्या, किंवा मॅपमध्ये शेअर्ड पॉइंटर ठेवा. शेअर्ड पॉइंटर म्हणजे सामायिक सातबारा: शेवटचा हिस्सेदार गेला की जमीन सुटते.

व्हेक्टर (सी++ ची यादी) परत देताना लक्षात ठेवा की पायबाइंड११ चं एसटीएल हेडर घेतल्यावर त्याची पायथन लिस्ट होते ती नक्कल असते. त्या लिस्टमध्ये अपेंड केलेलं सी++ ला कळत नाही.

थ्रेडच्या बाबतीत दोन्ही साधनं उलट वागतात. सीडीएलएलमधून केलेला कॉल चालू असताना सीटाइप्स जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देणारं कुलूप) सोडून देतं, त्यामुळे पायथनचे दोन थ्रेड एकाच कोशात एकाच वेळी शिरू शकतात. मॅप ते सहन करत नाही, म्हणून कोशात म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, हवा. पायबाइंड११ जीआयएल धरून ठेवतं. लांबलचक शोध चालू असताना बाकी थ्रेड खोळंबू नयेत असं वाटत असेल तर त्या मेथडला कॉल-गार्डनं जीआयएल सोडायला सांगा, आणि मग म्युटेक्स तिथेही लागेलच.

सीटाइप्सची लायब्ररी पायथनच्या कुठल्याही आवृत्तीला चालते. पायबाइंड११ चं मॉड्यूल मात्र साधारणपणे प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी वेगळं बांधावं लागतं. वाटप करताना हा फरक जाणवतो.

पायरी ९: सीमा ओलांडण्याचा खर्च

एका शब्दासाठी एक कॉल, असे लाखो कॉल केले तर वेळ शोधण्यात जात नाही, ये-जा करण्यातच जातो. 'आहे_का'सोबत 'आहेत_का' द्या, जी शब्दांची यादी एकदम घेते आणि उत्तरांची यादी एकदम देते.

पायरी १०: मोडतोड करून बघणं

चाचणी दोन प्रकारची. पहिली गळतीची: एका लूपमध्ये कोश बनवा, शंभर शब्द भरा, सोडून द्या, असं एक लाख वेळा, आणि प्रोसेसची मेमरी बघत राहा. सुरुवातीला थोडी वाढून ती स्थिर झाली पाहिजे. सतत चढत असेल तर कोणीतरी मोडत नाहीये.

दुसरी चाचणी दोनदा मोडण्याची आणि लटकणाऱ्या पत्त्यांची. लायब्ररी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावून बांधा. पायथन स्वतः त्याशिवाय बांधलेलं असतं, म्हणून लिनक्सवर सॅनिटायझरची लायब्ररी एलडी_प्रीलोडनं आधी लोड करावी लागते. मग मुद्दाम वाईट वागा: बंद केलेल्या कोशावर शोध, कोश डिलीट करून नोंद वाचणं, 'बंद' दोनदा, रिकामी स्ट्रिंग, तिन्ही तऱ्हांनी लिहिलेला 'दऱ्या'. प्रत्येकाला एकतर बरोबर उत्तर मिळावं किंवा स्वच्छ पायथन एक्सेप्शन. आणि या सगळ्या चाचण्या चालवताना पायथनला 'फॉल्टहँडलर' चालू ठेवायला सांगा. सेगमेंटेशन फॉल्ट आलाच, तर मरता मरता तो पायथनच्या कुठल्या ओळीवरून आपण सी++ मध्ये शिरलो होतो ते छापून जातो.